गार घराचा पहिला उन्हाळा

शेजारच्या अंगणात पहार पडायला लागली आणि मी चहाचं आधण तसंच ठेवून ऐकत उभी राहिले. उन्हाने कडक झालेल्या मातीवर पहिले घाव नुसते टणटण वाजतात. मग कोणीतरी खड्ड्यात तांब्याभर पाणी ओततं, माती नरमते आणि आवाज जड होतो, खाली बसतो. मांडवाच्या मेढी रोवायला खड्डे खणू लागले की आमच्या आळीला उन्हाळा लागला. पंचांग काय म्हणतंय आणि मोबाइलवर पारा किती दाखवतोय, ते नंतर बघायचं.

हा आवाज मला ऐकू आला, कारण सकाळची वेळ होती आणि आमच्या खिडक्या अजून उघड्या होत्या. ऊन चढल्यावर हाच खड्डा आमच्या उंबऱ्याशी खणला असता तरी घरात कळलं नसतं.

मी आत्यांच्या खोलीत डोकावले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. पलंगावर त्यांची कापडी पिशवी उघडी होती. दोन लुगडी आत गेली होती, तिसऱ्याची घडी चालली होती. पहारीचा आवाज त्यांनी माझ्याआधी ऐकला होता.

"कुठं निघालात?"

"वंदीकडं जाईन म्हनते. चार दिस."

वंदना ही माझी नणंद, मुरबाडच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली. आणि आत्यांचे 'चार दिस' मला चांगले माहीत आहेत. गेल्या उन्हाळ्यात असेच चार दिवस म्हणून गेल्या, त्या भाताची रोपं वर आल्यावर परतल्या. माझं डोकं सणकलं. आत्यांवर रागावण्यात काही अर्थ नव्हता. मी रागावले घरावर. दोन-दोन भिंतींच्या, दोन-दोन काचांच्या, पांढऱ्याशुभ्र डोक्याच्या, पंचक्रोशीतल्या सगळ्यात गार घरावर.

घर वाईट असतं तर बरं झालं असतं. गळतंय, तापतंय, फसवलं मेल्यांनी, असं म्हणून मोकळी झाले असते. पण हे घर खरोखरच चांगलं आहे. वैशाखात बाहेरून आत पाऊल टाकलं की माठाला गाल लावल्यासारखं वाटतं. पंखा दोनवर पुरतो. विजेचं बिल इतकं कमी येतं की पहिल्यांदा वायरमनलाच संशय आला होता. अशा घराविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची? आणि कोणत्या तोंडाने?

आमचे हे, मधुकर, हे या घराचे खरे कर्ते. गाव आमचं किन्हवलीच्या अंगाला. हे रोज मोटारसायकलने आसनगाव गाठतात, तिथून लोकलने मुंबईला कामावर. जाता-येता बाकीचे लोक पत्ते कुटतात, भजन म्हणतात, झोपतात. ह्यांनी त्या वेळात घरं बघितली. मोबाइलवर. राजस्थानातली घरं, परदेशातली घरं, भिंतीत भिंत घातलेली घरं. एक दिवस चपला काढता काढताच म्हणाले, "आपण एनर्जी एफिशियंट घर बांधायचं. वीज वाचवणारं." मी विचारलं, "आणि माणसं?" तेव्हा ती थट्टा होती.

आधीचं घर कुडाचं होतं. कारवीच्या भिंती, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर कौलं. मी त्या घराचे गोडवे गाणार नाही. दर आठवड्याला सारवायला मला लागायचं, गोडवे गाणाऱ्यांना नाही. कौलांतून उंदीर पडायचे, सरपणात विंचू निघायचे आणि पावसाळाभर आम्ही घमेली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायचो. शिवाय माझं माहेर शहापूरच्या बाजारामागचं, पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. मे महिन्यात आई पत्र्यावर भिजलेली गोणपाटं टाकायची आणि ती वाळेपर्यंत आम्हा बहिणींना कशीबशी झोप लागायची. तेव्हा गारव्याची किंमत मला कोणी शिकवू नये. नवं घर उठत होतं तेव्हा मी रोज संध्याकाळी भिंतींवर पाणी मारलं आहे, मनापासून.

ठाण्याचा एक तरुण आर्किटेक्ट यायचा. शहाणा मुलगा होता, बोलायलाही गोड. दोन भिंती, मध्ये पोकळी, म्हणजे ऊन बाहेरच्या भिंतीशी अडेल. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, म्हणजे ताप परत आभाळात जाईल. खिडकीला दुहेरी काच. छपरावर सौर पॅनेल. अंगणात फटी ठेवून बसवलेले सिमेंटचे ब्लॉक, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल. त्याच्या सगळ्या गोष्टी बरोबर होत्या आणि सगळ्या महाग होत्या. साध्या स्लॅबच्या घरापेक्षा खर्च किती चढला, ते आमच्या घरात मोठ्याने बोलत नाहीत. "बिलातून वसूल होईल," हे म्हणतात. कधी, असं विचारलं की हे छपराकडे बघतात.

गेल्या वर्षी पाडव्याला आम्ही राहायला आलो. पहिला आठवडा जत्रा होती. आळीतली माणसं ऊन कडाडलं की यायची, मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. शेजारची बेबीताई फरशीवर आडवीच झाली. "अगो, काय गार लागतंय! मी आता हितनं उठत नाय. मना हितंच जेवान आनून द्या." हे सगळ्यांना भिंत ठोकून दाखवायचे, पोकळ आवाज ऐकवायचे. आत्या तर बघण्यासारख्या झाल्या होत्या. प्रत्येकीला आपल्या हाताने सरबत. लेकाचं घर होतं शेवटी.

आणि मग ह्यांचा नियम लागू झाला.

नियम आर्किटेक्टचा, अंमलबजावणी ह्यांची. रात्रभर खिडक्या उघड्या, म्हणजे घर गारवा पिऊन घेईल. सकाळी ऊन तापायच्या आत दारं-खिडक्या गच्च बंद, ती थेट दिवस कलेपर्यंत. "एसी डब्यात काय करतात? दरवाजा बंद. सेम लॉजिक," हे म्हणाले. मी शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे यात खोट काढायची सोय मला नव्हती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, मी दिवसभर घरात. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ह्यांचा फोन. जेवलात का, आई बरी आहे का, हे नंतर. आधी विचारायचं ते ठरलेलं.

"दार लावलंय ना?"

आता आमची आळी कशी आहे ते सांगायला हवं. इथे दिवसाउजेडी कोणी दार लावत नाही. दिवसा दार बंद दिसलं तर त्याचा एक अर्थ घरात कोणी नाही, दुसरा अर्थ घरातल्यांना तुम्ही यायला नको आहात. तिसरा अर्थ आळीला ठाऊक नाही. दार वाजवायचीही पद्धत नाही. रस्त्यावरूनच हाक मारत यायचं, "आत्या गोऽ", आतून 'ओ' आली की चप्पल काढायची. बेल आम्ही बसवली होती, चांगली चिमणीच्या आवाजाची. पण बेल दाबतात ते मीटर वाचणारे, नाहीतर मतं मागणारे. शेजारणीने बेल दाबायची म्हणजे आपण परक्या झालो हे तिने स्वतःच्या बोटाने कबूल करायचं.

आणि ती दुहेरी काच ताप अडवते तसा आवाजही अडवते. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

झालं ते असं. उन्हाळा चढत गेला तशी माणसं यायची बंद झाली. मला आधी वाटलं नव्याची नवलाई संपली. आत्या दुपारी कान देऊन बसायच्या. "आज बेबी आली नाय?" "कामात असेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी विहिरीवर मला बेबीताई भेटली. तोंड फिरवून पोहरा ओढत राहिली. मी म्हटलं, "का गं, येत नाहीस?"

"तीनदा आली मी," ती म्हणाली. "भर उन्हात हाका मारल्या. तुमच्यातलं कोन ओ द्यायला तयार नाय. आत पंख्याखाली बसलाव ते दिसत व्हतं की काचेतनं. मोठं घर झालं, लागलीच मानसं नकोशी झाली?"

मी तिला काचेचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. वर्गात सांगते तसं, हातवारे करून. तिने ऐकून घेतलं. मग पोहरा उचलत म्हणाली, "बरं. पन तुमी बगितलंव पन नाय." खरंच, आम्ही दोघी त्या दिवसांत दुपारी रस्त्याकडे पाठ करून वालाचं बिरडं सोलत बसायचो. ऐकू आलं असतं तर वळून बघितलं असतं ना! पण हे वाक्य तिच्या गळी कसं उतरवणार? ऐकू न येणारं घर तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. मी घरी येऊन भांडी जरा जोरातच आपटली. बाहेर त्याचाही आवाज गेला नसणार.

आत्या आता खिडकीशी बसू लागल्या. काचेपलीकडे माणसं जायची, तोंडं हलायची, हात हलायचे. "मुका टीवी हाय नुसता," त्या म्हणाल्या. कधी कानात करंगळी घालून हलवायच्या. "कापूस घातल्यागत वाटतंय गो. माझं कान तर गेलं नसतील?" कान ठणठणीत होते. मी खिडकी उघडून दाखवली. बुलबुल, मोटारसायकल, लांब कोणाचा तरी मिक्सर, सगळं एकदम आत आलं, आणि बरोबर उन्हाची झळही आली. आत्याच म्हणाल्या, "लाव बाई, मधू वरडंल."

एरवी या दिवसांत आमच्या अंगणात मांडव असायचा. आळीच्या वरच्या अंगाला मोठा मांडव आत्यांचाच. चार बाजूंना मेढी, वर आडवे वासे, त्यावर जांभळीचे टहाळे आणि जुना पेंढा. मांडव एकट्याने घालायचा नसतो. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, असे सगळे मिळून घालत जातात, घरवाल्यांनी चहा द्यायचा. मग दुपारभर बायका त्याखाली चिंचा फोडत बसायच्या. दांडक्याने शेंगा ठेचायच्या, शिरा ओढायच्या, चिंचोके एका बाजूला, गोळा एका बाजूला. हात आंबट, दात आंबट, बोलणंही थोडं आंबटच. कोणाची सून नवऱ्याला घेऊन बदलापूरला गेली, कोणाच्या मुलीला बघायला आले आणि वडे खाऊन गेले. घाम गळत असायचा. पदराने वारा घ्यायच्या, सूर्याला शिव्या द्यायच्या आणि उठायच्या मात्र नाहीत.

नव्या अंगणात मेढ रोवणार कुठे? सगळीकडे ब्लॉक. "ब्लॉक उखडायचे नाहीत," ह्यांनी आधीच बजावलं होतं. "आणि मांडव हवाय कशाला? घर गार आहे ना?" या प्रश्नाला उत्तर असतं तर मी तेव्हाच दिलं असतं. थोडे दिवस आत्या बेबीताईच्या मांडवात जाऊन बसल्या. मग तेही सोडलं. "रोज उठून दुसऱ्याच्या मांडवात कशी जाऊ? आपल्याकडं कोन बसलं या साली?"

बाकी गमतीही कमी नव्हत्या. छपरावरच्या सौर बंबातलं पाणी मे महिन्यात असं उकळायचं की अंघोळीला बादली तासभर आधी भरून निववावी लागायची, आणि पुढे पावसाळी ढगांत, जेव्हा ऊन पाणी हवं होतं, तेव्हा ते गारढोण. पंख्याला बटण नाही, रिमोट. तो रिमोट आत्या देवघरात ठेवायच्या, हरवू नये म्हणून, आणि मग आम्ही तो घरभर शोधायचो. सगळ्यात मोठी फजिती लाइट गेल्यावर. गावाची वीज गेली की आमचं सौरही बंद पडतं. बाहेरच्या तारांत वीज जाऊन कोणाला झटका बसू नये म्हणून तशी योजनाच असते, आणि बॅटरी घ्यायला पैसे उरले नव्हते. आळीतली पोरं विचारायची, "काकी, तुमच्या घरावर तर सूर्य बशिवलाय, मग अंधार कसा?" मी पुन्हा शास्त्र सांगायची. त्या उन्हाळ्यात मी जितकं शिकवलं तितकं शाळेत वर्षभरात शिकवत नाही.

आणि एका सकाळी आत्यांनी पिशवी भरली. लेकीच्या घरी पाण्याच्या घोटापुरतं थांबावं असं मानणारी बाई. वंदनाच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्या तिच्याकडे सलग दोन रात्री राहिल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "चार दिस जाते."

पंधरवडा झाल्यावर हे रविवारी आणायला गेले. संध्याकाळी एकटेच परत आले. हेल्मेट टीपॉयवर ठेवलं. मग म्हणाले, "पत्र्याचं घर आहे वंदीचं. आत तवा तापलाय नुसता. अंगणात मांडव, त्याखाली ही बसलीय सात-आठ बायकांत चिंचा फोडत. घामाने लुगडं भिजलेलं. आणि हसतेय. अशी हसतेय की मी आलेलो तिला दिसलोच नाही." मी म्हटलं, "मग?" तर चिडून उठले. "मग काय मग? तिच्यासाठीच बांधलं ना हे? उन्हाचा त्रास होतो म्हणून?" ते खरंच होतं. आधीच्या साली आत्यांना ऊन लागून शहापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तेव्हापासून ह्यांनी घराचा ध्यास घेतला होता. माणूस चुकीच्या कारणाने चुकला असता तर मला भांडता आलं असतं. हे बरोबर कारणाने चुकले होते आणि मला नुसता त्रागा करता येत होता.

त्याच आठवड्यात आर्किटेक्टच्या ओळखीने मुंबईच्या कॉलेजची एक मुलगी आली. अशा घरांत राहणारे लोक किती समाधानी आहेत, याचा अभ्यास करत होती. तिने बेल दाबली, अर्थात. ह्यांनी त्यासाठी रजा टाकली होती. गारवा? पाचपैकी पाच. बिल? पाच. प्रकाश? पाच. आवाजाचा त्रास? "अजिबात नाही," हे अभिमानाने म्हणाले. मी चहा ढवळत होते, चमचा जरा जास्तच वाजला असेल.

"घरात ज्येष्ठ कोणी आहेत?"

"आई आहे."

"त्या किती समाधानी आहेत?"

ह्यांनी आत्यांच्या खोलीकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. "पाच," ते म्हणाले.

"त्यांच्याशी बोलता येईल?"

"बाहेरगावी गेलीय."

मुलीने पाच लिहून घेतले. गोड मुलगी होती, तिचा काय दोष? मला वाटलं तिच्या हातातलं पेन घ्यावं आणि सांगावं की बाई गं, तू अजून एक प्रश्न विचार. दिवसाकाठी या उंबऱ्यावरून किती माणसं आत येतात, ते विचार. पण मी बिस्किटं पुढे केली. समाधान मोजायचं कसं, हे मलाही कुठे माहीत आहे? माझ्या आईला भिजलेल्या गोणपाटाखाली समाधान होतं की नव्हतं, हे तिला कधी कोणी विचारलं नाही. मला हे गार घर आवडतं आणि त्यात मला घुसमटतं, दोन्ही एकाच दुपारी. याला पाचपैकी किती द्यायचे?

तो उन्हाळा तसाच गेला. बिल कमी आलं. ह्यांनी त्याचा फोटो स्टेटसला लावला. खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मी फोन पालथा घातला.

हे सगळं तीन दिवसांपूर्वी सकाळी, त्या पहारीच्या आवाजात, आत्यांच्या घडी घालणाऱ्या हातांकडे बघताना डोक्यात वर आलं. पुन्हा तोच उन्हाळा, पुन्हा तीच पिशवी. हे कामावर गेले होते, मला शाळेची सुट्टी लागली होती. आत्यांना म्हटलं, "दुपारच्या गाडीने जा. घाई काय आहे?" आणि मी पदर खोचून बेबीताईकडे गेले.

"पहार दे."

"कशाला?"

"माझ्या अंगणात मेढी रोवायच्यात."

बेबीताईने माझ्याकडे बघितलं, आमच्या अंगणाकडे बघितलं. "मधूदादानं हां म्हटलंन?"

"मधूदादा मुंबईत आहे."

पहिला ब्लॉक निघता निघेना. पहार फटीत घातली, सगळा भार टाकला, तर माझाच पाय उचलला गेला. ब्लॉक बसवणाऱ्याने काम चोख केलं होतं मेल्याने! घाम डोळ्यांत गेला. एकदा तर मी पहार फेकून दिली आणि रडूच आलं मला, रागाने. मांडव एकट्याने घालायचा नसतो, हे विसरले होते. मागून बेबीताईचा नवरा आला, म्हणाला, "सरका वहिनी." त्याच्यामागून आणखी दोघं. ब्लॉक उचकटले, खाली माती लागली. आत्या कधी बाहेर आल्या कळलं नाही. तांब्या घेऊन आल्या होत्या. खड्ड्यात पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "जरा भिजू दे. मग मारा." त्या दुपारी मुरबाडची गाडी गेली. पण पिशवी पलंगावर तशीच भरलेली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "बगू."

संध्याकाळी हे आले. मेढी बघितल्या, वरचे टहाळे बघितले, भिंतीशी रचलेले ब्लॉक बघितले. "पाणी मुरायला होते ते," एवढंच म्हणाले. "उरलेल्यांतून मुरेल," मी म्हटलं. सकाळी उठून बघते तर हे मांडवाखाली उभे, भिंतीला तळहात लावून. "समोरच्या भिंतीवर सावली पडतेय," मला म्हणाले. "भिंत कमी तापेल. बिल अजून उतरेल." मी कपाळावर हात मारला. या माणसाला मोक्ष मिळाला तरी तो आधी त्याचं युनिट विचारेल. "फक्त दार बंद ठेवा," हे गाडीला किक मारता मारता म्हणाले.

म्हणून दार बंद ठेवलं. दुपारी बायका आल्या, चिंचेची पोती आली, पण काहीतरी अडत होतं. बंद दाराशी बसायचं म्हणजे परक्याच्या ओट्यावर टेकल्यासारखं. बोलणं खालच्या आवाजात. एकीला पाणी हवं होतं, तिने उठून स्वतःच्या घरून आणलं. आत्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, पण दर थोड्या वेळाने मान वळवून बघत होत्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. पिशवी पलंगावर.

आज दुपारी मला ते बघवेना. मी उठले, दार सताड उघडलं आणि लोटलं जाऊ नये म्हणून त्याला वरवंटा लावला. घरातला गारवा बाहेर पडला. खरंच पडला, मी शास्त्र शिकवते, मला कळतं. जमिनीलगत सरकत तो मांडवाखाली आला आणि बेबीताई ओरडली, "अगो बाई, ढुंगनाखालनं गार वारं येतंय!" मग एकच दंगा. जी ती सरकून दाराकडे पाठ करू लागली. ढकलाढकली, चिंचोके सांडले, कोणीतरी कोणाच्या मांडीवर बसलं. एक जण सरळ आत गेली, फ्रीज उघडून बाटली घेऊन आली, विचारलंही नाही. आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, हसता हसता ठसका लागला तरी हसत होत्या.

फोन वाजला.

"दार लावलंय ना?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती. माझ्या मागचा गलका त्यांना स्पष्ट जात असणार, आणि आमच्या घरातून एवढा आवाज कधी जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? मी भांडायची तयारी केली. वर्षभराचं सगळं जिभेवर आणून ठेवलं.

पलीकडून हळूच, "ती आई हसतेय का?"

"हो."

त्यांच्या ऑफिसातले डबे वाजत होते.

"राहू दे मग," हे म्हणाले. "उघडंच राहू दे."

एवढं कळायला या माणसाला अख्खा एक उन्हाळा लागला! माझा राग गेला नाही, पण जिभेवरचं सगळं तिथेच राहिलं. त्यांनी फोन ठेवलाही नाही. मीही ठेवला नाही. तो तसाच चालू उंबऱ्यावर ठेवून दिला, त्यांना ऐकू जाईल असा.

"कोन व्हता?" आत्यांनी डोळे पुसत विचारलं.

"तुमचा मधू."

त्यांनी मान हलवली, समोरचा चिंचोक्यांचा ढीग दोन्ही हातांनी सारखा केला आणि इकडेतिकडे बघितलं. "ह्ये भरू कशात? ती माझी पिशवी आन गो पलंगावरची. रिकामी करून आन."

मी आत गेले, तिन्ही लुगडी कपाटात ठेवली आणि पिशवी झटकून बाहेर घेऊन आले.